सिद्धतेतील ‘कारण’

आंबिवलीत शेजारची नववीतली मुलगी भूमितीची वही घेऊन आली. समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय होते. शिरःकोनाचा दुभाजक काढून तिने दोन त्रिकोण एकरूप ठरवले होते आणि कारण लिहिले होते : ‘आकृतीत दिसते’.

मी मराठीचा प्राध्यापक. पण वहीतले ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ हे शब्द न्यायशास्त्रातले, म्हणून ओळखीचे. तेथे पर्वत हा पक्ष, अग्नी हे साध्य, धूर हा हेतू. शालेय भूमितीत ‘पक्ष’ म्हणजे दिलेली माहिती झाली. अट मात्र तीच राहिली : धूर दिसणे पुरत नाही, ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही व्याप्ती हवी.

युक्लिडच्या पहिल्या खंडातले पाचवे प्रमेय हेच, रीत वेगळी. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राटांनी युक्लिड अरबीवरून संस्कृतात आणला. ते ‘रेखागणित’ १९०१-०२ मध्ये मुंबईत छापले गेले. भाषा बदलल्या, तरी प्रत्येक पायरीला आधार मागण्याची शिस्त सुटली नाही.

मुलीने ‘दिसते’ खोडले. दोन भुजा समान, दुभाजकाने झालेले कोन समान, दुभाजक सामाईक. म्हणून ‘बाकोबा कसोटी’. पुढचे कारण तिचे तिनेच लिहिले : ‘एकरूप त्रिकोणांचे संगत कोन’.

आमच्या एम. ए.च्या उत्तरपत्रिकांत ‘ही कविता अस्वस्थ करते’ या विधानापुढे कारण क्वचितच असते. आम्हीही ते क्वचितच मागतो.