भिंत न लाभलेले कापड

उत्तर थायलंडमधील नान प्रांतात मी गेलो तो वाट फूमिन हा विहार पाहण्यासाठी. लाओसच्या सीमेलगतचा हा शांत, डोंगराळ, जंगलांचा मुलूख. १९३१ मध्ये शेवटचा राजा वारला आणि नानचे संस्थानपण संपले.

विहार १५९६ चा; भिंतींवरची चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. अजिंठा पाहून आपला डोळा तयार झाला आहे, असा माझा समज होता. पाली जातकांची यादी खिशात होती. नेमी जातक ओळखता आले. पण भिंती व्यापणारी खत्तनकुमाराची कथा यादीत नव्हतीच. ती या प्रदेशाच्या स्वतःच्या जातकपरंपरेतली. यादी खिशात ठेवली, तेव्हा कुठे मला चित्रांतली माणसे दिसू लागली. एक स्त्री मागावर बसलेली. इतर स्त्रियांच्या नेसूंवर आडवे पट्टे.

बाजारातल्या ताय लू विणकरणीकडे तसलेच पट्टे आणि वाहत्या पाण्याची नक्षी पाहिली. तिच्या विणकामाला शंभराहून अधिक वर्षांचा पुरावा त्या भिंतीवर आहे. अजिंठ्यातल्या चित्रांवरून आपण जुन्या वस्त्रांचा अभ्यास करतो, तसाच.

पुढे डोंगरावरच्या ह्मोंग वस्तीत गेलो. एक आजी भांगेच्या धाग्याच्या कापडावर वितळलेल्या मेणाने रेघा ओढत होत्या. नंतर कापड निळीत बुडवायचे. मेणाखालची जागा पांढरी राहते. दुभाष्यामार्फत विचारले, "ही नक्षी किती जुनी?" त्या म्हणाल्या, "आईने शिकवली." मी वहीत लिहिले : काळ अनिश्चित.

रात्री ते शब्द खटकले. ह्मोंग भाषेसाठी आज सर्वाधिक चालणारी रोमन लिपी १९५० च्या दशकाच्या आरंभी तयार झाली. सरकारी कागदांत डोंगरातली ही माणसे येतात ती अफू, जंगलतोड आणि कम्युनिस्ट बंडाच्या संदर्भात. त्यांचे कापड अंगावर झिजते आणि संपते. ते रंगवून ठेवणारी भिंत त्यांना लाभली नाही. माझ्या आईच्या गोधड्याही अशाच विरल्या. त्यांतली एकही आज घरात नाही.

पुरावा नाही म्हणजे इतिहास नाही, असे मीही वर्षानुवर्षे मानत आलो. वहीतला शेरा खोडला आणि तिथे लिहिले : आईकडून लेकीकडे. कालनिर्णय त्याने होत नाही, हे मला कळते. पण पुरावा कोणाच्या हातात आहे, एवढे तरी त्यातून नोंदले जाते.