गंजीच्या आडोशाची प्रार्थना

श्रोतेहो, प्रार्थना ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. मोझरीचे गुरुकुंज आपल्याच तिवसा तालुक्यातले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली तिथे आश्रम उभारला आणि सर्व जातिधर्मांच्या माणसांनी एकत्र बसून करायची सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. आपल्या गावासाठी, आपल्या देशासाठी केलेली प्रार्थना आपल्याला समजते. पण ज्याला कधी पाहिले नाही, ज्याची भाषा ठाऊक नाही, अशा माणसासाठी कुणी सातासमुद्रापलीकडे बसून प्रार्थना केली, तर तिचे पुढे काय होते? ख्रिस्ती मिशनांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. त्यातला एक धागा तर थेट मराठी मुलखात येऊन पोचतो.

साल १८०६, महिना ऑगस्ट. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात विल्यम्स कॉलेज आहे. तिथले पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेला जमले होते. अचानक वादळ आले, विजा कडाडू लागल्या. तेव्हा ते एका गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. कडब्याची गंजी आणि अवकाळी वादळ आपल्याला सांगायला नको! बोलणे आशिया खंडाविषयी चालले होते. त्यांच्यातल्या सॅम्युएल मिल्सने विचार मांडला, की ज्यांच्यापर्यंत ख्रिस्ताची वार्ता पोचली नाही त्यांच्यापर्यंत ती आपणच नेली पाहिजे. सर्वांनी तिथेच प्रार्थना केली. चार वर्षांनी, १८१० साली, परदेशी पाठवायच्या मिशनऱ्यांसाठी ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था निघाली.

गॉर्डन हॉल त्या गंजीजवळ नव्हता, पण होता त्याच कॉलेजचा. १८१२ साली तो आणि सॅम्युएल नॉट जहाजाने निघाले. कलकत्त्याला उतरले, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने परत जाण्याचा हुकूम दिला. धर्माच्या गोष्टी निघाल्या तर लोक बिथरतील आणि राज्याला धक्का लागेल, अशी कंपनीला धास्ती होती. तिथून हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले. तिथेही बाहेर काढण्याचे हुकूम होतेच. पण त्याच वर्षी विलायतेच्या पार्लमेंटाने कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. मराठी मुलखातल्या अमेरिकन मिशनची ही सुरुवात.

आता इथे एक गंमत पाहा. हॉल आणि त्याचा सोबती न्यूएल यांनी एक पुस्तक लिहिले; ते १८१८ साली अमेरिकेत छापले गेले. त्याच्या नावातच साठ कोटी माणसांच्या हक्काची गोष्ट होती. म्हणजे जगातल्या ज्या साठ कोटींपर्यंत आपण पोचलो नाही, त्यांचा आपल्यावर हक्क आहे, असे म्हणणे. साठ कोटींचा हिशेब कागदावर मांडता येतो. पण मुंबईच्या रस्त्यावर साठ कोटी भेटत नाहीत, एकेक माणूस भेटतो. आणि तो मराठी बोलतो! शिकवायला आलेल्याला आधी शिकावे लागले. हॉलच्या आधी बंगालात विल्यम केरीचेही असेच झाले होते. त्याला वैजनाथ शर्मा या पंडितांची मदत घ्यावी लागली, आणि मग १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण छापून निघाले. प्रार्थना कितीही दूरची असो, तिला इथल्या पंतोजीपुढे बसावेच लागले.

हॉल तेरा वर्षे राबला. मार्च १८२६ मध्ये नाशिकहून परतताना वाटेतच पटकीने त्याला गाठले. त्याच वर्षी मुंबईच्या मिशनने मराठी नवा करार छापून पुरा केला. त्याआधी १८२४ साली मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली होती. पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे मोठे ठाणे झाले. तिथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाले. तिथल्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. शाळा ज्या हेतूने निघाली तो हेतू एकीकडे राहिला, आणि विद्या आपल्या वाटेने पुढे गेली.

आणखी एक उलटापालट झाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची, तेच दुसऱ्यांसाठी प्रार्थना करू लागले. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात फिरल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुली-बायकांना त्यांनी आधार दिला. १९०५ साली केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात प्रार्थनेची मोठी लाट उठली. तिची वार्ता परदेशांत गेली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला श्रीरामपूर येथे, म्हणजे केरीच्याच बंगालातल्या श्रीरामपुरात, भारतीय ख्रिस्ती मंडळींनी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापली. माणसे आपली, पैसा आपला, कारभार आपला, हे त्यांचे धोरण होते.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, अमरावती, खामगाव या बाजूला अमेरिकेतल्या अलायन्स मिशनची माणसे आली. मेळघाटाच्या पायथ्याशी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, तिकडे कोरकू लोकांसाठी वेगळे मिशन निघाले. त्यातल्या जॉन ड्रेक यांनी १९०३ साली कोरकू भाषेचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले. ही भाषा मराठीच्या घराण्यातली नाही, तेलुगूच्याही नाही. तिचे सख्खे नातेवाईक दूर छोटा नागपूरकडचे मुंडारी आणि संथाळी. आणि कोरकू या शब्दाचा अर्थ काय? माणसे! नुसते ‘माणसे’.

तुम्ही म्हणाल, हे सगळे ठीक. पण अन्न, औषध आणि शाळा यांच्या आडून धर्म बदलायला लावला, त्याचे काय? हा प्रश्न खरा आहे, तो टाळून इतिहास सांगता येणार नाही. १९५४ साली वऱ्हाड मध्यप्रदेशात होता. त्या वेळच्या सरकारने डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली याच चौकशीसाठी समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालाने परदेशी पैसा आणि आमिष यांवर कडक बोट ठेवले. ख्रिस्ती मंडळींनी तो एकतर्फी ठरवला. आपल्या राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्म पाळण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. पण सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्यही त्याच कलमात आहे. भुकेल्याच्या पोटाचा फायदा घेणे वेगळे आणि भुकेल्याला वाढणे वेगळे. ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक उरली का, ही खरी कसोटी. फुल्यांना ती उरली होती. दुष्काळातल्या प्रत्येक लेकराला ती उरली असेल, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

आजही जगभर ख्रिस्ती मंडळ्या ‘न पोचलेल्या’ लोकांच्या याद्या करून प्रार्थना करतात. या शब्दाचा राग येण्याआधी जरा आपल्याकडेच बघू. कोरकू माणूस त्याच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या आहेच. न पोचलेले कोण, तो की आपण? मेळघाट आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. चिखलदऱ्याला थंड हवा खायला आपण जातो. पण कोरकूत ‘ये, बस’ कसे म्हणतात, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? त्याचे व्याकरण लिहायला सातासमुद्रापलीकडचा माणूस यावा लागला.

गुरुजन हो, धारणी-चिखलदऱ्याच्या शाळेत पहिल्या दिवशी येणारे पोर आपली भाषा घेऊन येते आणि आपण मराठीचे पुस्तक घेऊन उभे असतो. ते घाबरले तर त्याला मठ्ठ म्हणू नका. आधी त्याचे चार शब्द शिका. प्रार्थना कोणत्याही धर्माची असो, अनोळखी माणसापर्यंत पोचण्याची वाट त्याच्या बोलीतून जाते. दोनशे वर्षांचा हा इतिहास आपल्याला एवढे नक्की शिकवतो.