शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी

शिवनेरी म्हटले की आपल्याला १६३० साल आठवते, शिवाई देवी आठवते, शिवजन्माचा पाळणा आठवतो. गोव्याहून सहलीच्या बशी भरभरून माणसे तिथे जातात, माथा टेकवतात आणि परततात. पण त्याच गडाच्या कातळकपारीत एक छोटीशी वनस्पती पिढ्यान् पिढ्या तग धरून आहे, हे किती जणांना ठाऊक असते? तिचे नाव शिंदळ माकुडी.

पावसाळ्यात हिच्या जाडसर, रसाळ खोडांना हिरवी पाने फुटतात. पुढे तांबड्या-जांभळट रंगाची, पिवळे ठिपके ल्यालेली चांदणीसारखी फुले येतात. उन्हाळ्यात पाने गळतात आणि उरतात ती कातळाला चिकटलेली बोडकी खोडे. रानात भाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या माकडशिंगाच्या कुळातलीच ही. पण त्या कुळातल्या इतर वनस्पतींना पाने जवळजवळ नसतातच, हिला मात्र चांगली ठसठशीत असतात. म्हणूनच अभ्यासकांना हिचे अप्रूप!

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निकोलस डालझेल हा स्कॉटिश गृहस्थ मुंबई इलाख्याच्या वनखात्यात अधिकारी होता. अलेक्झांडर गिब्सनच्या सोबतीने त्याने १८६१ साली मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ काढला. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याने या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले आणि तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सन्मानार्थ तिला नाव दिले 'फ्रेरिया इंडिका'. गंमत पाहा, मुंबईचे फ्लोरा फाउंटन याच फ्रिअरसाहेबांच्या नावाने व्हायचे होते. ते शेवटी फुलांच्या रोमन देवीच्या नावाने ओळखले गेले, आणि साहेबांचे नाव राहिले ते एका रानफुलाला!

तेही पुढे बदलले. आम्हा कचेरीतल्या माणसांना नावातले एक अक्षर बदलायचे तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, राजपत्र एवढा खटाटोप करावा लागतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी हिला दुसऱ्या प्रजातीत घातले आणि आज बरेच अभ्यासक तिला 'बाउसेरोसिया फ्रेराय' म्हणतात. म्हणजे 'इंडिका' गेले, फ्रिअर राहिले! जी वनस्पती रानटी अवस्थेत फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत सापडते, तिच्या नावातून हिंदुस्थानच निघून गेला.

पण नावापेक्षा मोठा प्रश्न आहे तो ठिकाणाचा. शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्याच जागी ही आढळते. यात किल्ले इतके का, याचा विचार केला तर उत्तर सोपे आहे. ज्या उभ्या कड्याने शत्रूला रोखले, त्यानेच गुरांना आणि शेळ्यांनाही रोखले. कडा होता म्हणून गड राहिला, आणि कडा होता म्हणून माकुडीही राहिली. पण वणवा कड्याला जुमानत नाही. दरड कोसळली तर एक अख्खी वस्ती एका रात्रीत नाहीशी होऊ शकते. शौकीन माणसाचा हात तर दोरी लावून कुठेही पोचतो. १९८० च्या दशकात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने संकटग्रस्त वनस्पतींची जी लाल नोंदवही काढली, तिच्यात हिची नोंद झाली.

येथे एक विलक्षण विरोधाभास आहे. ही माकुडी खोडाच्या तुकड्यापासून सहज वाढते. युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या कुंड्यांतून ती कित्येक वर्षे सुखाने फुलते आहे. शिरवळजवळच्या शिंदेवाडीत नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रानेही तिची रोपे वाढवून ती पुन्हा रानात लावण्याचे काम केले आहे. मग काळजी कसली, असे कुणी विचारील. काळजी अशी की कुंडीत वाचते ते झाड. त्याचा कातळ, त्याचा पाऊस, त्याच्या फुलावर येणारे किडे, पानांवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या हे सगळे कुंडीत मावत नाही. तुकड्यातुकड्यांनी वाढवलेली रोपे एकाच झाडाच्या प्रती असतात. एका दस्तऐवजाच्या शंभर झेरॉक्स काढल्या म्हणून दफ्तर वाचले असे होत नाही.

गोवेकरांना हे वेगळे सांगायला नको. चतुर्थीला माटोळी बांधताना रानातली एखादी वस्तू मिळाली नाही की घरातले जाणते माणूस लगेच हळहळते. माटोळीत ज्यांना जागा आहे त्या वनस्पतींची निदान वर्षातून एकदा हजेरी घेतली जाते. पण आपल्या सड्यांवर पावसाळ्यात उमलणारे दवबिंदू, सीतेची आसवे, गेंद यांची हजेरी कोण घेतो? कागदोपत्री सडा म्हणजे पडीक जमीन. मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमानतळ हवा की नको हा वाद वेगळा. परंतु सडा जाण्याआधी त्यावर काय काय उगवत होते, याची आठवण किती घरांत उरली आहे?

माकुडीला निदान शिवरायांच्या गडाचा कडा तरी लाभला. आपल्या सड्यांना तोही आधार नाही. तेव्हा पुढच्या खेपेस शिवनेरीला जाल, तेव्हा पाळण्यापुढे हात जोडून झाल्यावर कड्याकडेही एकदा नजर टाका. काही तोडू नका, आणू नका. आणि घरी परतल्यावर आपल्या गावचा सडाही एकदा भर पावसात पाहून या.