माणूस पटत नाही, पण काम पटतं? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांबद्दलचं जनमत कसं वाचायचं

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता वाढली किंवा घसरली, असं सांगणारं एखादं ग्राफिक दर काही दिवसांनी तुमच्या फीडमध्ये येत असेल. खाली कमेंट्समध्ये दोन गट पडलेले असतात. एक म्हणतो, "अशा माणसाला लोक पाठिंबा देतातच कसा?" दुसरा म्हणतो, "माणूस कसाही असो, काम करतोय ना?"

खरं तर हे दोन गट एकाच प्रश्नावर भांडत नसतात. पहिला गट स्वभाव आणि चारित्र्याबद्दल बोलतो, दुसरा धोरणांबद्दल. अमेरिकेतले जनमत चाचणी घेणारे लोकही हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात आणि त्यांची उत्तरंही अनेकदा वेगळी येतात. हा फरक समजला नाही, तर आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकतो.

हा आकडा नेमका कशाचा असतो?

आपण ज्याला सरसकट 'लोकप्रियता' म्हणतो, ते बहुतेक वेळा 'जॉब अप्रूव्हल' असतं. राष्ट्राध्यक्ष आपलं काम ज्या पद्धतीने करत आहेत, ते तुम्हाला मान्य आहे की अमान्य, एवढाच हा प्रश्न. गॅलप या संस्थेने दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून दशकानुदशकं तो जवळपास त्याच शब्दांत विचारला. त्यामुळे वेगवेगळ्या काळातल्या राष्ट्राध्यक्षांची तुलना करणं शक्य झालं.

'ते प्रामाणिक आहेत का?', 'त्यांच्याबद्दल तुमचं मत चांगलं आहे का?', 'अर्थव्यवस्था ते नीट हाताळतात का?' हे सगळे स्वतंत्र प्रश्न आहेत. एकच माणूस एका प्रश्नाला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' म्हणू शकतो.

हजार लोकांना विचारून देशाचं मत कसं कळतं?

हा सोशल मीडियावरचा नेहमीचा आक्षेप. त्याचं उत्तर १९३६ च्या निवडणुकीत सापडतं. 'लिटररी डायजेस्ट' या मासिकाने तेव्हा सुमारे १ कोटी लोकांना पत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि त्यावरून मासिकाने फ्रँकलिन रूझवेल्ट हरणार असा अंदाज दिला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. जॉर्ज गॅलप यांनी त्यापेक्षा कितीतरी कमी लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकतील हे बरोबर सांगितलं होतं.

फरक लोकांच्या निवडीत होता. मासिकाच्या यादीत टेलिफोन आणि मोटारी असलेल्या लोकांचा भरणा जास्त होता. मंदीच्या काळात हा वर्ग तुलनेने सुखवस्तू होता. शिवाय ज्यांना मत सांगायची हौस होती, त्यांनीच उत्तरं पाठवली. आज एखाद्या हँडलवर लाखभर लोकांनी मत दिलेला पोल दिसतो, त्यातही हीच अडचण असते.

मात्र शास्त्रशुद्ध चाचणीलाही मर्यादा आहेत. साधारण हजार लोकांच्या चाचणीत आकडा तीन-चार टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. त्यामुळे ४३ चे ४५ झाले म्हणजे लाट आली, असं होत नाही.

क्लिंटन: भरवसा नाही, पण पाठिंबा आहे

स्वभाव आणि काम यांच्यात लोक किती फरक करू शकतात, याचं सर्वात ठळक उदाहरण बिल क्लिंटन यांचं आहे. जानेवारी १९९८ मध्ये व्हाइट हाऊसमधल्या माजी इंटर्न मोनिका लेविन्स्की यांच्याशी त्यांचे संबंध असल्याची बातमी फुटली. क्लिंटन यांनी आधी जाहीरपणे इन्कार केला. १७ ऑगस्टला त्यांनी अनुचित संबंध होते हे मान्य केलं. १९ डिसेंबरला प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग चालवण्याचा ठराव मंजूर केला.

अशा वेळी पाठिंबा कोसळायला हवा होता. पण गॅलपच्या चाचण्यांमध्ये बातमी फुटण्याआधी ६० टक्के असलेली पसंती काही दिवसांतच ६९ टक्क्यांवर गेली. महाभियोगाच्या ठरावाच्या सुमारास तर ती ७३ टक्के होती. क्लिंटन यांच्या संपूर्ण कारकिर्दीतला हा उच्चांक. त्याच काळात 'ते प्रामाणिक आणि विश्वासू आहेत का?' या प्रश्नावर मात्र बहुसंख्य लोकांचं उत्तर 'नाही' होतं.

याची कारणं काय? एक म्हणजे अर्थव्यवस्था. बेरोजगारी पाच टक्क्यांच्या खाली होती आणि १९६९ नंतर पहिल्यांदाच सरकारी अंदाजपत्रक शिलकीत आलं होतं. दुसरं, अनेकांना हे प्रकरण लाजिरवाणं वाटलं, पण पदावरून काढण्याइतकं गंभीर वाटलं नाही. तिसरं, विरोधक गरजेपेक्षा जास्त ताणत आहेत अशी भावना तयार झाली. नोव्हेंबर १९९८ च्या निवडणुकीत क्लिंटन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या जागा उलट वाढवल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये सिनेटने त्यांना दोषमुक्त केलं.

अर्थात, स्वभावाची किंमत मोजावी लागलीच नाही असं नाही. २००० च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी राष्ट्राध्यक्षपदाची प्रतिष्ठा परत आणण्याचं आश्वासन हा प्रचाराचा मोठा मुद्दा केला.

मग निक्सन यांना का जावं लागलं?

रिचर्ड निक्सन यांची पसंती जानेवारी १९७३ मध्ये ६७ टक्के होती. ऑगस्ट १९७४ मध्ये ती २४ टक्क्यांवर आली आणि त्यांनी राजीनामा दिला. वॉटरगेट प्रकरण त्यांच्या खासगी आयुष्याचं नव्हतं. विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीचा तपास दडपण्यासाठी सत्तेचा वापर झाला, हे टेप्समधून समोर आलं. इथे माणूस कसा आहे आणि तो पद कसं वापरतो, हे प्रश्न वेगळे राहिलेच नाहीत. महागाईचीही त्यात भर पडली. शेवटी त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी साथ सोडली.

ट्रम्प यांच्या काळात काय बदललं?

डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत गॅलपच्या चाचण्यांमध्ये त्यांची पसंती एकदाही ५० टक्क्यांवर गेली नाही. सरासरी ४१ टक्के होती. पण ती फार कोसळलीही नाही. दोन महाभियोग आणि कोरोनाची साथ येऊनही आकडा ३४ ते ४९ या पट्ट्यातच राहिला.

कारण पक्ष. त्या चार वर्षांत सरासरी ८८ टक्के रिपब्लिकन समर्थकांना त्यांचं काम मान्य होतं, तर डेमोक्रॅटिक समर्थकांपैकी फक्त ७ टक्के लोकांना. १९५० च्या दशकात रिपब्लिकन आयझेनहॉवर यांचं काम जवळपास निम्म्या डेमोक्रॅट्सनाही मान्य होतं. जो बायडेन यांच्या काळातही दोन पक्षांच्या समर्थकांमधली दरी मोठीच राहिली. म्हणजे हा प्रकार एका नेत्यापुरता नाही.

अर्थव्यवस्थेबद्दलचं मतही आता पक्षानुसार बदलतं. २०१६ मध्ये ट्रम्प जिंकताच रिपब्लिकनांना अर्थव्यवस्था सुधारताना दिसू लागली. २०२० मध्ये बायडेन जिंकल्यावर तसंच डेमोक्रॅट्सचं झालं. किराणा दुकानातले भाव दोघांसाठी तेच होते.

मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ज्युरीने ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले. विरोधकांना हे धक्कादायक वाटलं. समर्थकांपैकी काहींना तो खटलाच राजकीय वाटला, तर काहींना स्थलांतर आणि महागाई हे मुद्दे जास्त महत्त्वाचे वाटले. या दोन प्रकारच्या समर्थकांना एकाच मापाने मोजलं, की समोरच्याचं म्हणणं समजण्याआधीच वाद सुरू होतो.

या आकड्याने फरक काय पडतो?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मध्यात संसदेची ठरलेली निवडणूक होते. आपल्याकडे 'मध्यावधी' म्हणजे मुदतीआधी घेतलेली निवडणूक, तिथे तसं नाही. पसंती ५० टक्क्यांच्या खाली असेल, तर राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाला या निवडणुकीत बहुतेक वेळा फटका बसतो. २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहात ६३ जागा गमावल्या, तर २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षाने सुमारे ४०. संसद हातून गेली की कायदे अडतात आणि चौकशा सुरू होतात.

उच्चांकही कायम टिकत नाही. आखाती युद्धानंतर १९९१ मध्ये थोरल्या बुश यांची पसंती ८९ टक्के होती. पुढच्याच वर्षी अर्थव्यवस्थेच्या मुद्द्यावर ते हरले.

शेअर करण्याआधी काय बघाल?

- प्रश्न काय होता? कामाबद्दल, स्वभावाबद्दल की एखाद्या धोरणाबद्दल?
- कोणाला विचारलं? सगळ्या प्रौढांना, नोंदणीकृत मतदारांना की एखाद्या हँडलच्या फॉलोअर्सना?
- चाचणी कधी झाली? जुना आकडा नवा म्हणून तर फिरत नाही ना?
- पक्षनिहाय आकडे काय आहेत? एकूण ४५ टक्क्यांमागे एका बाजूचे ९० आणि दुसऱ्या बाजूचे ५ असू शकतात.
- एकच चाचणी आहे की अनेक चाचण्यांची सरासरी?

एवढं पाहिलं, तर कमेंट्समधल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधता येईल. पाठिंबा देणाऱ्यांपैकी काहींना तो माणूस आवडतो, काहींना फक्त त्याचं काम पटतं आणि काहींना समोरचा पर्याय अजिबात नको असतो. एका टक्केवारीत हे तिघेही असतात. त्यांच्यातला नेमका कोण आपल्याशी वाद घालतोय, हे मात्र त्यालाच विचारावं लागतं.