कुरणशाळा
गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरवलेली शाळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले; १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या वारली आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नसत, कारण दिवसभर गुरांमागे हिंडणे हेच त्यांचे काम होते. दोघींनी मुलांना दोष न देता शाळेची जागा, वेळ आणि साधनेच बदलली. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी खडे, बिया, पाने हाती आली. बोर्डीत वस्तीच्या अंगणात भरलेली अंगणवाडी हे याच विचाराचे आधीचे रूप. आज सर्वसमावेशक अध्यापन म्हणतात त्याचा इतका धीट प्रयोग क्वचितच सापडतो.