लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बिघाड

लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बिघाड म्हणजे संगणकातील माहिती साठवणारी हार्ड डिस्क ती माहिती वाचण्यास किंवा लिहिण्यास अंशतः वा पूर्णतः असमर्थ होण्याची स्थिती होय. हा बिघाड अनेकदा टप्प्याटप्प्याने वाढतो. लॅपटॉप एखाद्या दिवशी सुरू होत नाही, दुसऱ्या प्रयत्नात सुरू होतो, काही दिवस सुरळीत चालतो आणि पुन्हा अडतो. अशा अधूनमधून उद्भवणाऱ्या बिघाडात लक्षण नाहीसे होणे म्हणजे दोष दूर होणे नव्हे. त्यामुळे लॅपटॉप सुरू झाल्याबरोबर प्रथम माहितीची प्रत काढणे आणि त्यानंतरच दुरुस्तीस हात घालणे, हा या बाबतीतील मूलभूत नियम मानला जातो.

रचना

पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. लॅपटॉपमध्ये वापरली जाणारी हार्ड डिस्क सामान्यतः २.५ इंची असते व तिच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. तबकडीवरील चुंबकीय थरात माहिती साठवलेली असते. ती वाचणारे हेड तबकडीला स्पर्श न करता, काही नॅनोमीटर उंचीवर हवेच्या पातळ थरावर तरंगते. धूलिकण, धक्का किंवा कंप यांमुळे हेड तबकडीवर घासल्यास तेथील माहिती कायमची नष्ट होऊ शकते.

तबकडीवरील माहिती सेक्टर नावाच्या लहान भागांत विभागलेली असते. जुन्या डिस्कमध्ये एक सेक्टर ५१२ बाइटचा, तर अलीकडील डिस्कमध्ये ४,०९६ बाइटचा असतो. सॉलिड स्टेट ड्राइव्ह अर्थात एसएसडीमध्ये फिरणारे भाग नसतात. त्यामुळे तिच्यात आवाजासारखी पूर्वसूचना मिळत नाही व ती अनेकदा एकाएकी बंद पडते.

बिघाड अधूनमधून का दिसतो

दुर्बल झालेला सेक्टर पहिल्या प्रयत्नात वाचता आला नाही, तर डिस्क तो पुन्हापुन्हा वाचून पाहते. एखादा प्रयत्न यशस्वी झाल्यास संगणक केवळ संथ झाल्यासारखा वाटतो. सर्व प्रयत्न फसल्यास तो अडतो. असा सेक्टर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींच्या जागी असेल, तर एकदा लॅपटॉप सुरू होतो आणि एकदा होत नाही.

प्रत्येक डिस्कमध्ये काही राखीव सेक्टर असतात. खराब सेक्टरवर नव्याने लिहिण्याची वेळ आली, की डिस्क त्याऐवजी राखीव सेक्टर वापरू लागते. त्यानंतर लक्षण थांबते आणि डिस्क आपोआप बरी झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात राखीव जागा मर्यादित असते आणि खराब होण्याचे मूळ कारण कायम राहते.

याखेरीज जोडणी सैल असणे, तापमानानुसार धातूचे भाग प्रसरण व आकुंचन पावणे आणि तबकडी फिरू लागताना लागणारा अधिक विद्युतप्रवाह न मिळणे, या कारणांनीही बिघाड कधी दिसतो व कधी दिसत नाही.

लक्षणे

- ठरावीक अंतराने येणारा टक्-टक् असा आवाज, किंवा तबकडी फिरू लागून पुन्हा थांबणे
- बूट करण्याजोगे साधन सापडत नसल्याचा संदेश
- सुरू होताना डिस्क तपासणी वारंवार आपोआप चालू होणे
- फोल्डर उघडण्यास लागणारा असाधारण वेळ, फाइली उघडत नसणे किंवा त्यांची नावे विचित्र दिसणे
- काम चालू असताना निळ्या पडद्यावर त्रुटीसंदेश येऊन संगणक बंद होणे

यांपैकी आवाजाचे लक्षण सर्वांत गंभीर होय. ते आढळल्यास वीज तत्काळ बंद केली जाते, कारण पुढील प्रत्येक फेऱ्याबरोबर तबकडीला इजा होण्याची शक्यता असते.

निदान

लॅपटॉप सुरू न होण्यामागे डिस्कच असेल असे नाही. रॅम, मदरबोर्ड, अतिउष्णता किंवा चार्जर यांतील दोषही तसेच लक्षण दाखवतात. म्हणून एका वेळी एकच घटक तपासण्याची पद्धत अवलंबली जाते.

प्रथम बायोसच्या सेटिंगमध्ये डिस्कचे नाव दिसते का, हे पाहिले जाते. तेथील दिनांक दरवेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपलेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी बूट क्रमाची सेटिंग पुसली गेल्याने डिस्क निर्दोष असूनही लॅपटॉप सुरू होत नाही.

त्यानंतर पेन ड्राइव्हवरील लिनक्सने लॅपटॉप सुरू करून पाहिला जातो. तो दीर्घकाळ सुरळीत चालल्यास संशय डिस्ककडे किंवा तिच्यावरील ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळतो. त्यातही संगणक अडल्यास रॅम, उष्णता किंवा मदरबोर्ड तपासावा लागतो. याच पद्धतीने सुरू केलेल्या लॅपटॉपमधून आवश्यक फाइलींची प्रत बाह्य डिस्कवर काढता येते.

डिस्क स्वतःच्या स्थितीची नोंद ‘स्मार्ट’ या प्रणालीत ठेवते. त्यातील क्रमांक ५ बदललेल्या सेक्टरांची संख्या, १९७ संशयास्पद सेक्टरांची संख्या व १९८ न वाचता आलेल्या सेक्टरांची संख्या दर्शवतो. क्रमांक १९९ वाढत असल्यास दोष बहुधा तबकडीत नसून केबल वा जोडणीत असतो. केबल नीट बसवणे किंवा बदलणे, एवढ्यावरही असा बिघाड दूर होऊ शकतो.

स्मार्टवर पूर्णपणे विसंबून राहणे मात्र धोक्याचे ठरते. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. पहिली वाचन-त्रुटी आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, अशी त्रुटी नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यात आढळले. त्याच वेळी निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकाचीही पूर्वसूचना दिलेली नव्हती.

माहितीची पुनर्प्राप्ती

खराब होत असलेल्या डिस्कवर थेट दुरुस्तीची आज्ञावली चालवणे टाळले जाते. विंडोजमधील चेकडिस्कसारखी साधने फाइल व्यवस्था सुसंगत करण्यासाठी डिस्कवर बदल करतात आणि त्यात वाचवता येण्याजोग्या फाइलीही तुटू शकतात. त्याऐवजी डीडीरेस्क्यूसारख्या मुक्त साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेतली जाते. हे साधन आधी सुस्थितीतील भाग वाचते, खराब भागांची नोंद ठेवते आणि त्यांच्याकडे शेवटी वळते. पुढील सर्व प्रयोग या प्रतिमेवर केले जातात.

डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध केलेली असल्यास ती दुसऱ्या संगणकाला जोडताना सामान्यतः ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ लागते. ती उपलब्ध नसेल, तर निर्दोष डिस्कवरील माहितीही मिळत नाही.

डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा उपाय सुचवला जातो. परंतु बाहेर काढल्यावर आत बाष्प जमून तबकडीची हानी होऊ शकते. साध्या खोलीत डिस्क उघडणेही असेच घातक असते. हेड बदलण्याचे काम धूलिमुक्त कक्षातच केले जाते.

मराठी मजकुराच्या बाबतीतील अडचणी

फाइल व्यवस्था नष्ट झाली असेल, तर पुनर्प्राप्तीची साधने फाइलींच्या अंतर्गत खुणांवरून त्या शोधतात. अशा फाइलींची मूळ नावे व फोल्डर हरवलेले असतात, त्यामुळे हव्या त्या फाइली मजकुरातील शब्दांवरून शोधाव्या लागतात. युनिकोडमधील मराठी मजकुरात असा शोध घेता येतो.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राचे आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी ही साधने छपाई व कार्यालयीन कामात रूढ झाली. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट हाती नसेल, तर वाचवलेली फाइल अर्थहीन रोमन अक्षरांसारखी दिसते आणि देवनागरी शब्द टाइप करून त्यात शोध घेता येत नाही. कन्नडमधील नुडीच्या जुन्या फॉन्टबाबतही हीच अडचण येते. म्हणून अशा कामाची प्रत ठेवताना फाइलींसोबत त्यांचे फॉन्टही जतन करणे आवश्यक ठरते. फॉन्ट उपलब्ध असल्यास परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो.

हवामान, वीज व अंतर

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. लॅपटॉपच्या हार्ड डिस्क साधारणपणे ५५ ते ६० अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या असतात. धूळ साचलेला पंखा आणि गादीवर ठेवल्याने झाकलेली झरोके यांमुळे ही मर्यादा उन्हाळ्यात लवकर गाठली जाते. बॅटरी निकामी झालेला लॅपटॉप केवळ चार्जरवर चालवला, तर वीज जाताच तो तत्क्षणी बंद होतो आणि लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते.

माहिती पुनर्प्राप्तीच्या धूलिमुक्त प्रयोगशाळा मुख्यतः मोठ्या शहरांत असतात. अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटक सीमेलगतच्या मैंदर्गीसारख्या नगरपरिषदेच्या लहान गावातून डिस्क अशा ठिकाणी न्यायची, तर मोठा प्रवास घडतो. प्रवासात डिस्क स्थितिज विद्युतरोधक पिशवीत घालून चहूबाजूंनी जाड स्पंजमध्ये बसवली जाते. लॅपटॉप चालू स्थितीत वा निद्रावस्थेत न नेता पूर्णपणे बंद करून नेला जातो. तसे केल्याने हेड तबकडीपासून सुरक्षित जागी राहते.

सातबारा उताऱ्यासारखे शासकीय अभिलेख ऑनलाइन उपलब्ध असल्याने ते लॅपटॉपच्या बिघाडाने नष्ट होत नाहीत. लहान व्यावसायिकांचे हिशेब, छपाईचे साहित्य, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि कौटुंबिक छायाचित्रे मात्र पुष्कळदा एकाच डिस्कवर असतात.

प्रतिबंध

माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, असा ३-२-१ नियम प्रचलित आहे. कायम जोडून ठेवलेली बाह्य डिस्क विजेच्या दोषात किंवा संगणक विषाणूच्या हल्ल्यात मूळ डिस्कबरोबरच बाधित होऊ शकते. म्हणून प्रत काढून झाल्यावर ती वेगळी ठेवली जाते. काढलेली प्रत उघडते की नाही, याची वेळोवेळी खात्री केली जाते. संशयास्पद डिस्क फॉरमॅट केल्यावर चालू लागली, तरी महत्त्वाच्या माहितीसाठी ती पुन्हा वापरली जात नाही.

हेही पहा

- हार्ड डिस्क
- सॉलिड स्टेट ड्राइव्ह
- बायोस
- युनिकोड
- मैंदर्गी