पंधरा अँपियरचा ओटा

मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं 30 जून 2021 रोजी, पण तिथली स्वयंपाकघरं त्याच्या कितीतरी आधी शहरात दाखल झाली होती. उसाच्या आणि द्राक्षांच्या संशोधन संस्थांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. आता शेताला लागून टॉवर उभे आहेत, त्यामुळे घरगुती विजेचा सगळा इतिहास इथे एका फेरफटक्यात दिसतो: जुन्या घराच्या ओसरीवर चिनी मातीचा किटकॅट फ्यूज, तर समोरच्या सोसायटीत दाराआड एमसीबींची रांग.

टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं, राज्याचं वीज मंडळ 1960 साली स्थापन झालं. घराघरांत वीज आली ती मुख्यतः दिव्यासाठी. मग पंखा, रेडिओ. वायरिंगही त्याच बेताचं, लाकडी पट्टीवर ठोकलेलं. भारतीय मानकांतला जुना दंडक असा की, दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहाच पॉइंट आणि 800 वॅट. पॉवरच्या सर्किटवर फार तर दोन सॉकेट आणि 3000 वॅट. पाच अँपियरचा छोटा सॉकेट आणि पंधराचा जाड पिनांचा मोठा सॉकेट, हा भेद तेव्हापासूनचा.

ओव्हनची गरज तेव्हा बेकरी भागवत असे. दिवाळीच्या तोंडावर रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बायका भट्टीवर जात आणि नानकटाईचे डबे भरून आणत. पुढे काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला आणि केक घरी होऊ लागला. तो बहुधा इस्त्रीच्याच पॉइंटवर लागे. दोन पिनांच्या प्लगवर चालवला तर अर्थिंगचा पत्ता नाही. आतली कॉइल पत्र्याला टेकली की हाताला झिणझिण्या.

फ्यूज उडाला की अंधारात टॉर्च धरून तार बांधायची. पाच अँपियरला साधारण 0.2 मिलिमीटरची, पंधराला अर्ध्या मिलिमीटरची. पण पुन्हा उडू नये म्हणून दुहेरी-तिहेरी पीळ घालणारे घरोघरी होते. मग तार टिकायची आणि भिंतीवरची वायर तापायची. फ्यूज असतो तो वायर वाचवायला. ओव्हन बिघडला तर तो दुरुस्त करता येतो, पट्टीआड जळालेलं इन्सुलेशन मात्र दिसतही नाही.

जर्मनीत मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने 1924 साली ज्या छोट्या सर्किट ब्रेकरचं पेटंट घेतलं, तो एमसीबी होऊन आपल्याकडे फ्लॅटसंस्कृतीबरोबर रुळला. त्यात दोन यंत्रणा असतात. भार जरा जास्त झाला की द्विधातूची पट्टी हळूहळू वाकते; शॉर्टसर्किट झालं की चुंबक क्षणात खटका पाडतो. 'बी' प्रकारात हा खटका क्षमतेच्या तीन ते पाच पट प्रवाहाला पडतो, 'सी'त पाच ते दहा पटीला. ओव्हनची कॉइल सुरू होताना मोठा धक्का देत नाही, म्हणून तिला 'बी' पुरतो. ट्रान्सफॉर्मरवाला मायक्रोवेव्ह मात्र देतो, तिथे 'सी' बरा.

आकडेमोड सोपी आहे. 2000 वॅटचा ओटीजी, म्हणजे टेबलावरचा छोटा ओव्हन, 230 व्होल्टवर जेमतेम 8.7 अँपियर घेतो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 16चा एमसीबी त्याला पुरतो. भिंतीत बसवायचा 3500 वॅटचा ओव्हन 15 अँपियरच्या पुढे जातो. त्याला डीबीपासून, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून, चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन आणि 20चा एमसीबी हवा. जुन्या वायरवर नुसता मोठा एमसीबी चढवणं म्हणजे तिहेरी पिळाचीच नवी आवृत्ती.

एमसीबीला माणसाला बसणारा शॉक कळत नाही. त्यासाठी विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी. 2010च्या केंद्रीय सुरक्षा नियमांनी 5 किलोवॅट आणि त्यावरच्या जोडण्यांना गळतीपासून संरक्षण सक्तीचं केलं. पावसाळाभर बंद राहिलेला ओव्हन गणपतीत लावला की कधी कधी हाच आरसीसीबी पडतो. कॉइलच्या नळीतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतला ओलावा शोषून घेते आणि थोडी वीज पत्र्यात झिरपू लागते. अशा वेळी अनुभवी वायरमन आरसीसीबी काढून टाकत नाही. आधी मेगरने कॉइलचं इन्सुलेशन मोजतो.